वर्षभराच्या वापरानंतर अ‍ॅन्सिबल: सगळं पटलं, जुन्या पायथनचा निर्णय सोडून

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या सर्व्हर रूममध्ये या पावसाळ्यात वीज दोन-तीनदा गेली-आली आणि एका सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, सोबत दोन्ही बूट डिस्कही. मशीन वॉरंटीत होतं. तरी सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरचं पहिलं वाक्य: "सर, आपने कॉन्फिगरेशन में कुछ छेड़छाड़ की होगी." क्लेम टाळायची ही नेहमीची वाट. अ‍ॅन्सिबल म्हणजे सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये लिहून त्या सगळ्या मशीनवर आपोआप लावणारं टूल, आणि आमच्या त्या फाइल गिटमध्ये असतात, जे प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. या वेळी मी गिटचा लॉग त्याच्यासमोर धरला. त्या मशीनच्या फाइलला महिनाभरात कुणी हात लावला नव्हता, आणि आदल्या रात्रीच्या चेक रनमध्ये (काही न बदलता नुसती तपासणी) त्याच्या नावापुढे 'चेंज्ड', म्हणजे फाइलपेक्षा वेगळ्या निघालेल्या गोष्टी, शून्य होतं. दोन दिवस फोनाफोनी झाली, पण बोर्ड आणि डिस्क फुकट मिळाल्या. पूर्वी अशा वेळी आमच्याकडे दाखवायला काहीच नसायचं.

यामल (सेटिंग लिहायची साधी मजकूर-पद्धत) आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) यांच्या तपशिलात इथे जात नाही. आमची चाळीसेक मशीन आहेत, सगळी स्वतःची, क्लाउड नाही. बहुतेकांवर अल्मालिनक्स या लिनक्स ओएसची आवृत्ती 8, थोड्यांवर 9. पपेट या तशाच टूलऐवजी अ‍ॅन्सिबल घेतलं कारण प्रत्येक मशीनवर एजंट (टूलचा कायम चालणारा प्रोग्राम) बसवून तो सांभाळायची तयारी नव्हती. पैसेही द्यायचे नव्हते. आमचे अकाउंट्सचे काका लायसन्सचं बिल दिसलं की आधी तीन प्रश्न विचारतात, आणि ते बरोबरच करतात.

बोर्ड बदलला की त्यावरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) बदलतो. इन्व्हेंटरीत, म्हणजे मशीनच्या यादीत, ती एक ओळ बदलली. मशीनना आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची फाइल त्यातूनच तयार होते. मशीन पीएक्सईवरून (नेटवर्कवरून) बूट झालं, किकस्टार्टने आपोआप ओएस बसली, मग प्लेबुकने (अ‍ॅन्सिबलच्या कामांची फाइल) यूजर, घड्याळ जुळवणारं क्रोनी, फायरवॉल, एनएफएसचे सामायिक फोल्डर, मॉनिटरिंग सगळं लावलं. दुसऱ्यांदा चालवलं तर चेंज्ड शून्य. हेच काम पूर्वी दोन माणसं दिवसभर करायची आणि आठवड्याने कळायचं की एखादी सिसकंट्रोलची (कर्नलची) सेटिंग राहिलीच. या वेळी एकाच गोष्टीने अडवलं: व्हर्च्युअल मशीन सुरू होईनात. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं. आता तेही रेडफिशच्या (सर्व्हरचं हार्डवेअर दुरून हाताळायची मानक पद्धत) मॉड्यूलने फाइलमधूनच लावतो. बीएमसीला, म्हणजे सर्व्हरमधल्या दुरून देखरेख करणाऱ्या चिपला, पहिला आयपी मात्र अजून मॉनिटर-कीबोर्ड लावून हातानेच द्यावा लागतो.

वेगाबद्दल माझी तक्रार होती, ती मागे घेतो. फोर्क्स, म्हणजे एका वेळी जितक्या मशीनवर काम चालतं तितके, मुळात फक्त 5 असतात. ते 25 केले, पाइपलायनिंग (एसएसएचच्या फेऱ्या कमी करणारी सोय) चालू केलं, आणि फरक डोळ्यांना दिसला.

आता खरा राग. अ‍ॅन्सिबल-कोर 2.17 पासून, म्हणजे मे 2024 पासून, ज्या मशीनवर काम करायचं तिथे पायथन (टूल ज्या भाषेवर चालतं ती) किमान 3.7 हवं. अल्मालिनक्स 8 चं सिस्टिम पायथन 3.6 आहे. त्या ओएसला सुरक्षा अपडेट 2029 पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे ओएस जिवंत, मशीन धडधाकट, आणि टूल म्हणतं मी याच्याशी बोलणार नाही.

शेजारी नवं पायथन बसवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. बसवलं. फाइल कॉपी, टेम्पलेट, सर्व्हिस रीस्टार्ट, सगळं चाललं. डीएनएफ (या ओएसवर पॅकेज बसवणारा प्रोग्राम) वापरणारं मॉड्यूल अडलं. कारण डीएनएफचं पायथन बाइंडिंग (पायथनशी जोडणारा भाग) तिथे सिस्टिमच्या 3.6 साठीच बांधलेलं आहे, नव्या पायथनला ते दिसत नाही. एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचंही तेच. मग कुणी म्हणतं, कमांड मॉड्यूलने थेट डीएनएफ चालवा. तसं केलं की पॅकेज आधीच असलं तरी ती पायरी दर वेळी 'चेंज्ड' दाखवते, आणि चेक मोडमध्ये तर ती चालतच नाही, वगळली जाते. ज्या शून्यावर मी विसंबतो त्याचाच अर्थ जातो. पॅकेज बसवणं हे या टूलचं सर्वांत साधं काम, आणि नेमकं तेच तोडलं. हा निर्णय मला अजूनही पटलेला नाही.

यावरून हिवाळ्यात मी हे टूल सोडायच्या बेतात होतो. ओएस बदलणं सोपं नाही, कारण आमचं ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) 8 वरच प्रमाणित आहे. शेवटी 8 च्या मशीनसाठी वेगळं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट (पायथनचा स्वतंत्र कप्पा) करून त्यात 2.16 पक्कं बांधलं, बाकीच्यांसाठी नवी आवृत्ती. दोन आवृत्त्या सांभाळणं कटकटीचं आहे, आणि 2.16 ला मे 2025 नंतर दुरुस्त्या येणं थांबलं आहे. पण बोर्डाच्या त्या प्रकरणानंतर सोडायचा विषय मी पुन्हा काढला नाही. एका बोर्डाचे वाचलेले पैसे काकांनाही लगेच समजले.

टेराफॉर्म, म्हणजे फाइलमधून सर्व्हर आणि क्लाउड उभं करणारं टूल, का नाही, असं विचारतात. त्याचं लायसन्स ऑगस्ट 2023 मध्ये बदललं, ते पूर्ण खुलं राहिलं नाही. त्यातूनच फुटून निघालेलं, लिनक्स फाउंडेशनकडचं ओपनटोफू खुलं आहे आणि क्लाउड असता तर मी तेच घेतलं असतं. रॅकमधल्या लोखंडी मशीनना आमच्या आकारात त्याची गरज पडली नाही.

पाचपैकी चार. कापलेला एक अख्खा डीएनएफचा. तुमच्याकडे 8 ची मशीन असतील तर पहिल्याच दिवशी रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आवृत्ती 2.16 अशी लिहून टाका. नुसतं इन्स्टॉल केलंत तर पिप (पायथनची पॅकेजं आणणारं टूल) गुपचूप नवी आवृत्ती आणून ठेवेल.