सहलीला पुन्हा तेच ठिकाण की दरवेळी नवे?

कापसाचा दुसरा वेचा घरात येऊन चुकारे हाती पडले की आमच्याकडे सहलीचा विषय निघतो, आणि गेल्या वेळी गेलो तिथेच जायचे की या वेळी नवे काही पाहायचे, यावर घरात दोन पक्ष पडतात. मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात एका खेड्यात राहतो. गेल्या काही वर्षांत आम्ही दोन्ही करून पाहिले आहे. तीन वेळा तीन निरनिराळ्या मनोरंजन उद्यानांत गेलो आणि तीन वेळा हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत. ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

नव्या ठिकाणाची ओढ खोटी नाही. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. तेव्हापासून वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्याकडच्या लोकांना २०१३ मध्ये सुरू झालेले खोपोलीचे इमॅजिका उद्यानसुद्धा पूर्वीसारखे परमुलुखात वाटत नाही. हैदराबादलाही २०१६ पासून वंडरला हे उद्यान आहे. मुले मोठी झाली असतील, घरातले वडीलधारे सोबत येणार नसतील आणि उंच पाळण्यांची हौस असेल, तर दरवेळी नवे उद्यान निवडण्यात काहीच गैर नाही, किंबहुना तसेच करावे.

आमची अडचण मात्र दिवसांची आहे. दिवाळीच्या सुट्ट्यांत सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी एकदमच येते, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि मृग लागला की शेतकरी घर सोडत नाही. उरतो तो जानेवारी, तोही मुलांच्या शाळेतून रजा काढून मिळणारे तीन दिवस. नव्या ठिकाणी या तिनांतला पहिला दिवस चौकशीतच जातो. कोणत्या तिकिटात काय बसते, सामान कुठे ठेवायचे, धाकट्याची उंची कुठल्या पाळण्याला चालते आणि कुठल्याला नाही, हे सगळे रांगेत उभे राहिल्यावरच कळते. उंचीचा नियम मुलांच्या सुरक्षिततेसाठी असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पट्टीपाशी कुटुंबाची फाळणी होते, हे मी तिन्ही उद्यानांत पाहिले.

माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला, ती यातूनच घडली. तिसऱ्या उद्यानात, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, आम्ही चौघे पाण्यात उतरलो आणि सामान ठेवायची सोय कुठे आहे हे माहीत नसल्याने सगळे आईपाशी ठेवले. थोड्या वेळाने येतो म्हणून गेलो ते संध्याकाळी चारलाच परत आलो. आई त्याच बाकावर बसली होती. मांडीवर सर्वांचे कपडे आणि मोबाइलची पिशवी होती, पायांशी चपलांचे चार जोड नीट ओळीने लावलेले होते आणि डब्यातल्या दशम्या तशाच होत्या, कारण आत बाहेरचे खाणे चालत नाही असे कळल्यावर तिने डबा उघडलाच नव्हता. रात्री मुलीने तिला विचारले, “आजी, तू काय पाह्यलं?” ती सहज म्हणाली, “म्या तुमच्या चपला राखल्या.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला त्या रात्री झोप लागली नाही.

रामोजीत असे होत नाही असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पहिल्या खेपेला आम्ही तिथेही गोंधळलो होतो. १९९६ मध्ये उभारलेली आणि जगातील सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद झालेली ती १,६६६ एकरांची जागा पायी फिरून होणारी नाही. त्यामुळे बस सगळ्यांना एकत्रच नेते आणि आजीपासून नातवापर्यंत सारे एकाच खिडकीतून पाहतात. आवारातील हॉटेलात मुक्काम असला तर दुपारी आईला दोन तास आडवे होता येते. दुसऱ्या खेपेपासून आमची चौकशी संपली. पाटणबोरी सोडून पैनगंगा ओलांडायची, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत मेडचलजवळ बाह्य वळणरस्त्यावर चढायचे आणि पेद्दा अंबरपेटला उतरायचे, हे आता मुलांनाही पाठ आहे. तेलंगणात संक्रांतीला शाळांना सलग सुट्ट्या असतात म्हणून तो आठवडा टाळून जानेवारीच्या अखेरीस जायचे, हे एकदा गर्दीत सापडल्यावर शिकलो.

सर्वांत मोठा फरक आईत पडला. तिथे रेल्वे स्थानकाचा एक देखावा आहे, फलाट आहे, पाटी आहे, आणि सगळे चित्रीकरणापुरते. दुसऱ्या खेपेला बस वळण घेण्याआधीच ती धाकट्याला म्हणाली, “आता टेसन येते पाह्य, पण तिथून कुठं जाता नाही येत.” पुढच्या आसनावरील एक अनोळखी बाई वळून तिला विचारू लागल्या आणि मग विमानतळाचा देखावा येईपर्यंत आईच त्यांना सारे समजावून सांगत होती. आयुष्यभर इतरांना वाट विचारणाऱ्या माणसाला एखाद्या जागेची माहिती आपल्याला आहे असे वाटणे, हे मी नव्या ठिकाणी कधी पाहिले नाही. तीच तीच कुटुंबे वर्षाआड त्याच जागी का येतात, याचे उत्तर मला बसमध्ये मिळाले.

तोच तोचपणा जाणवतो हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या खेपेला मोठी मुलगी थोडी कंटाळली होती आणि तिचे म्हणणे रास्त होते. पुढे तिला मैत्रिणींसोबत वंडरलाला पाठवावे असा आमचा विचार आहे. पण सगळे घर घेऊन निघायचे असेल आणि हातात तीनच दिवस असतील, तर माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही एक पथ्य मात्र पाळतो. एका खेपेत सगळे पाहून संपवत नाही. मागच्या वेळी परतीच्या दिवशी फुलपाखरांचे उद्यान बघायला पुरेसा वेळ होता, तरी आईच म्हणाली, “ते राहू दे, पुढच्या खेपेले.”