बाबाची रजा: बाळंतपणात की आई कामावर परतताना?

नागपूरच्या मे महिन्यात आमचं बाळ झालं. कूलरसमोर बसून आम्ही दोघं हेच ठरवत होतो.

केंद्र सरकारी नोकरीत पहिल्या दोन बाळांसाठी बाबाला 15 दिवस पगारी रजा मिळते. बाळ 6 महिन्यांचं व्हायच्या आत घेतली नाही तर बुडते. खासगीत कंपनी देईल तेवढीच.

लगेच घेतली तर टाक्यांनी अवघडलेल्या आईला झोप मिळते. पण घरी आजी असेल, तर मी राखून ठेवायच्याच बाजूची. मिहानमधल्या माझ्या खासगी नोकरीत 26 आठवडे पगारी रजा होती. त्यातले 4 प्रसूतीआधी घेतले, म्हणून दिवाळीच्या तोंडावर कामावर गेले तेव्हा ह्यांचे 15 दिवस मुदतीत होते. वाटीचमच्याने दूध प्यायला बाळ त्यांच्याच मांडीवर शिकलं.