वन पीस, तीन बॉक्स सेट: नऊ महिने, सुटलेला डिंक आणि तो आजोबा

'वन पीस' या जपानी चित्रकथेचा (मांगा) ५९वा भाग माझ्या हातात फुटला. जेवताना वाचत होतो (हो, चूक माझी, बायकोने ऐकवून झालंय), नेमका नायक लुफीचा भाऊ एस मरतो तिथला पानांचा गठ्ठा पाठीपासून सुटला आणि एक पान थेट आमटीत. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: परत करण्याची मुदत १० दिवस, ती संपली. मी विचारलं, अहो, ५९वा वाचायला आधीचे ५८ वाचावे लागतात, ते १० दिवसांत कसे वाचायचे? पलीकडून फक्त 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. तीनदा. शेवटी कोर्टाबाहेर रजिस्टरं शिवणाऱ्या बायंडरकडे गेलो, त्याने ८० रुपयांत काम केलं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

हे सेट आठवीतल्या मुलासाठी घेतले होते. उजवीकडून डावीकडे वाचायचं, कागद साधा, छपाई काळी-पांढरी, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. १९९७ पासून चालू असलेली गोष्ट आहे, लेखक-चित्रकार ओडासाहेब अजून काढतायत. मारामाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, मला त्या लांबतात. माझी तक्रार वेगळी आहे: या लुफीला वाढवलं कोणी, हे कळायला इतके पैसे का मोजावे लागतात?

हिशेब बघा. पहिल्याच प्रकरणात शँक्स नावाचा समुद्री चाचा आहे. तो लुफीला वाचवताना डावा हात गमावतो आणि जाताना गवती टोपी देऊन जातो: मोठा समुद्री चाचा झालास की परत आणून दे. ठीक. आजोबा हा आजोबा आहे हे कळतं ४५व्या भागात. बापाचं नाव तिथेच, तेही आजोबा बोलता बोलता सांगून टाकतो. लहानपण कुठे गेलं, भाऊ कसे झाले, हे ५९व्यात सुरू होऊन ६०व्यात संपतं, म्हणजे एस मेल्यावर. तिसरा सेट घेतल्याशिवाय पोराचं बालपण मिळत नाही. आईचा तर ७० भागांत पत्ताच नाही. मी पहिले पाच महिने हेच बोलत फिरायचो, घरातले उठून जायचे.

त्यातून माझा सगळा राग आजोबावर. गार्प नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल. मुलगा ड्रॅगन सरकार उलथवायला निघालेला, नातू चाचा. एका घरात तीन पक्ष, आपल्याला त्याचं नवल नाही. पण हा गृहस्थ नातवाला कणखर करायचं म्हणून दरीत टाकतो, रात्री जंगलात एकटा सोडतो, फुग्यांना बांधून हवेत पाठवतो, आणि ठोसा मारून वर म्हणतो हा प्रेमाचा ठोसा. पुढे सात वर्षांचं पोर डोंगरातल्या दरोडेखोर बाईच्या गळ्यात बांधून आपण ड्यूटीवर.

इथे माझं मत एकदा बदललं. कारण सांगतो. मी पोहायला शिकलो ते आजोबांनी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं म्हणून. सातारा जिल्ह्यातली आमची विहीर, वरून पाणी काळंच दिसायचं. दोन उन्हाळे मी त्यांच्याशी नीट बोललो नव्हतो. गार्पची ती दरी वाचून हे आत्याला फोनवर सांगितलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, "अरे, तू पाण्यात होतास तेवढा वेळ अण्णा सदरा काढून खालच्या पायरीवर उभे होते, काचा मारून. तुला कुठलं दिसणार." मग ५८वा पुन्हा काढला. नौदलाने एसला मृत्युदंड दिलेला, त्यावरून युद्ध पेटलेलं, लुफी एसला सोडवायला वधस्तंभाकडे धावतो, वाटेत गार्प आडवा. ठोसा मारायची वेळ येते तेव्हा म्हातारा डोळे मिटतो आणि नातवाचा ठोसा खाऊन खाली पडतो. आधी मला ती नेहमीची मारामारी वाटली होती, मी पान उलटून पुढे गेलो होतो. एस पडल्यावर तर गार्प नौदलप्रमुख सेंगोकूला म्हणतो, मला धरून ठेव, नाहीतर मी एसला मारणाऱ्या आकाइनुला मारून टाकेन.

तर चार महिने मी गार्पचा वकील होतो. आता नाही. तिसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट खटकत राहिली: युद्ध संपल्यावर तो नोकरी सोडायला निघतो. संपल्यावर! एस हा चाच्यांचा राजा रॉजर याचा मुलगा, रॉजरने स्वतः त्याच्या भरवशावर सोपवलेला. त्याला वधस्तंभावर बसवलंय, हा शेजारी बसून रडतो, पण उठत नाही. आमच्या अण्णांनी सदरा आधी काढला होता. एवढाच फरक आहे आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

इंटरनेटवर सगळे शँक्सचे भक्त. टोपी भारी, मान्य. डोक्यावर दारू ओतली तरी हसतो, पण पोराच्या अंगाला हात लावला की सोडत नाही, हे लुफीने त्याच्याकडूनच उचललंय. पण पोर सात वर्षांचं असताना शँक्स निघून गेला. पुढची दहा वर्षं घर कोणाचं? दादानचं, त्या दरोडेखोर बाईचं. सुरुवातीला तिचा नियम काय, तर दिवसाला एक वाटी भात आणि एक पेला पाणी, बाकी तुमचं तुम्ही मिळवा. मला ही बाई फार आवडली. उगाच लाड नाही, खर्चाचा अंदाज पक्का. निघताना लुफी तिला सांगतो, मला डोंगरातले दरोडेखोर आवडत नाहीत, पण तू आवडतेस, आणि ती रडते. एस गेल्यावर गार्प गावात येतो तेव्हा त्याला बडवणारी तीच. नौदलाचा नावाजलेला माणूस गपचूप मार खातो. टोपी दिलेल्याचं पोस्टर निघतं, भात घातलेलीचं निघत नाही.

रॉजरचा जुना साथीदार रेली, त्याच्याबद्दल थोडक्यात: तिसऱ्या सेटमधली सगळ्यात शहाणी व्यक्ती. एसनंतर लुफीला दोन वर्षांच्या बोलीवर बेटावर ठेवून शिकवतो आणि मुदत संपायच्या आधीच, शिकवण्यासारखं संपलं म्हणून निघून जातो. आमच्या मुलाच्या क्लासवाल्यांनी हे पान जरूर वाचावं, त्यांनी पुढच्या वर्षाची फीसुद्धा मागून ठेवलीय.

आणि बालपण उशिरा सांगण्याबद्दलची माझी तक्रार? अर्धी मागे घेतो. लहान एस आधी लुफीवर थुंकतो, पुलावरून खाली पाडतो, तीन महिने पळवतो, मग एकदाचे एस, लुफी आणि त्यांचा दोस्त साबो असे तिघे चोरलेल्या दारूच्या वाट्या उचलून भाऊ होतात. हे आधी दाखवलं असतं तर मी दोन पानांत उरकलं असतं. एस गेल्यानंतर वाचलं म्हणून त्या तीन वाट्यांवर अडकलो. पैसे मात्र जास्तच गेले, तो मुद्दा मागे घेत नाही.

आता बायंडर. त्याने दाभणाने आरपार शिवण घातली, मजबूत आहे, पण आतला समास गेला. आता ५९व्यात पान पूर्ण उघडत नाही. सेंगोकूने दाबून धरलेला गार्प बघायचा तर पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं, तरी दोऱ्याखाली थोडं जातंच. आमटीचा डाग आहे तसा आहे.

गोष्टीला साडेचार तारे, डिंकाला एक, विक्रेत्याला द्यायची सोय असती तर शून्य. चौथा सेट, ७१ ते ९०, कार्टमध्ये टाकून ठेवलाय, सेल लागला की घेणार. आल्या दिवशी वीसच्या वीस पुस्तकांच्या पाठी वाकवून बघणार. मेला असं वाटलेला साबो जिवंत आहे हे चिरंजीवांनी परवा मोबाइलवर कुठेतरी बघून जेवताना सांगून टाकलं. त्याचा पॉकेटमनी या महिन्यापुरता बंद आहे, ८० रुपयेही त्यातूनच वळते केलेत.