कोडची मोजमापं की बदलांचा इतिहास?

एम.टेक.च्या प्रबंधासाठी दोष-भाकीत (कोडच्या कोणत्या भागात चुका निघतील याचा आधीच अंदाज बांधणं) हा विषय घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, मॉडेलला काय पुरवू? कोडची मोजमापं की गिटमधला, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतला, इतिहास?

मेहनतीच्या दृष्टीने मोजमापं सोपी. मॅककेब यांची १९७६ची सायक्लोमॅटिक जटिलता म्हणजे फंक्शनमधले निर्णयबिंदू अधिक एक. तीन साधे 'इफ' असतील तर चार. टूल चालवलं की मिनिटांत आकडे हातात. इतिहास वेळ खातो. दुरुस्तीच्या कमिटवरून (गिटमध्ये नोंदलेल्या बदलावरून) मागे जात चूक कुठे शिरली ते शोधणारी २००५ची एसझेडझेड पद्धत मूळ रूपात नुसतं इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) बदललेल्या कमिटलाही दोषी ठरवते. म्हणून थोडे निकाल तरी हाताने तपासाच.

अचूकतेत मात्र मी इतिहासाच्या बाजूने. मोजर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगसाठीच्या सॉफ्टवेअरच्या कोडवर दोन्ही ताडून पाहिले, तेव्हा बदलांची मोजमापं सरस ठरली. पटतंही: किचकट पण वर्षानुवर्षं कुणी न शिवलेली फाइल सहसा त्रास देत नाही, रोज चौघे हात घालतात ती बिघडते.

नासाच्या सॉफ्टवेअरमधली मोजमापं आणि दोष नोंदवलेले तयार डेटासेट घेणार असाल, तर त्यांतल्या दुबार नोंदी आधी काढा.

प्रकल्प नवा असेल तर मोजमापंच घ्या. दोन-तीन वर्षांचे नीट लिहिलेले कमिट असतील, तर इतिहासावर मॉडेल उभारा.