रुगर १०/२२ : सुटे भाग नंतर, आधी काडतूस ठरवा

रुगर १०/२२ ही रायफल घ्यायचा विचार असेल तर पहिले पैसे काडतुसांवर घाला. नवा दस्ता, नवी नळी, भारी ट्रिगर हे सगळं नंतर. गेल्या उन्हाळ्यापासून टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेच्या एका उघड्या रेंजवर ही रायफल मी नेमाने चालवतो आहे. बंदुकीच्या माथी मारली जाणारी बहुतेक दुखणी प्रत्यक्षात काडतुसाची, मॅगझीनची (गोळ्या भरायच्या पेटीची) किंवा साठलेल्या मळाची असतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझं मॉडेल अगदी साधं आहे. लाकडी दस्ता, साडेअठरा इंची नळी, वजन पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. नेम धरायला पुढे सोनेरी मण्याची माशी, मागे दुमडणारी पट्टी, आणि वर दुर्बीण बसवायला पट्टी पेटीतच मिळते. ही रायफल १९६४ सालापासून बाजारात आहे आणि अमेरिकेत नवशिक्याच्या हाती बहुतेक वेळा हीच दिली जाते. कॉलेजात एनसीसीत .२२ डिलक्स रायफलवर ज्यांनी ग्रुपिंग केलं असेल, त्यांना काडतूस ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की तिथे दर गोळीला बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा) हाताने मागे-पुढे करायचा, इथे ते काम रायफल स्वतः करते. गोळी मात्र एका चापाला एकच सुटते.

काडतुसाला इतकं महत्त्व का, ते आतली रचना पाहिली की कळतं. या रायफलीत बोल्टला कुलूप नाही. गोळीला नळीतून पुढे ढकलणारा बारुदीचा दाबच पुंगळीला (काडतुसाच्या धातूच्या कवचाला) मागे ढकलतो आणि पुंगळी बोल्टला. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग यांनी तो धक्का सोसायचा, रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि परतताना पुढचं काडतूस चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, सारायचं. म्हणजे बारूद थोडी कमी पडली किंवा चेंबर मळकट असलं की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि सगळं चक्र तिथेच अडतं. हाताने चालवायच्या बोल्ट-ॲक्शनला मंद काडतूसही चालतं. अशा स्वतःच पुढची गोळी भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकला ते चालेलच असं नाही.

मॅगझीनबद्दल मात्र मनापासून कौतुक. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं, आणि त्याच्या बुडाला कड असते. सरळ मॅगझीनमध्ये अशी काडतुसं एकावर एक रचली की एकाची कड दुसऱ्याच्या मागे अडकायची भीती असते. रुगरच्या दहा गोळ्यांच्या मॅगझीनमध्ये फिरता गाभा आहे. रहाटाच्या गाडग्यांसारखं प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत बसून वर येतं, दुसऱ्याला लागतच नाही. दस्त्याच्या खाली ते इंचभरही बाहेर येत नाही, त्यामुळे पालथं झोपून नेम धरताना जमिनीला टेकत नाही. पंचवीस गोळ्यांचं लांब मॅगझीनही मिळतं. मी एक घेतलं, पण पालथ्या स्थितीत त्याचा अडथळाच होतो.

आता काडतुसं. दुर्बीण लावून, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवून, पन्नास यार्डांवर मी वेगवेगळे डबे ताडून पाहिले. प्रत्येक डब्याचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढले. ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका; तो जितका लहान, तितकी अचूकता जास्त. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबाने सुंदर येऊ शकतो, दहाचा फसवत नाही. डबा बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक कंपनीचं शिशावरचं मेण वेगळं असतं, आणि नळीत आधीचं मेण जाऊन नवं बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे पडतात. आणखी एक गोष्ट: हाताने बोल्ट ओढून भरलेली पहिली गोळी बरेचदा बाकीच्या नवांपासून जरा दूर पडते, कारण ती चेंबरात वेगळ्या जोराने बसलेली असते. ती मी वेगळी खूण करून ठेवतो.

मोठ्या दुकानात शेकड्यांनी मिळणारा सुट्या गोळ्यांचा स्वस्त डबा सर्वांत आधी चालवला. ग्रुप दोन इंचांच्या वर. डब्यात गोळ्या एकमेकींवर घासून शिशाला पोचे पडलेले हाताला लागतात. कधी आवाज मोठा, कधी मऊ. आवाजातला हा फरक म्हणजेच वेगातला फरक, आणि तो कागदावर वर-खाली दिसतो. टिनाचे डबे पाडायला हरकत नाही, पण या डब्यावरून रायफलीची परीक्षा करू नये.

सीसीआय कंपनीचं मिनी-मॅग हे दुसऱ्या टोकाचं. चाळीस ग्रेन वजनाची, तांब्याचा पातळ मुलामा दिलेली गोळी, वेग सेकंदाला १२३५ फूट. रायफल न अडता चालवायची असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. थंडीच्या सकाळी मेण कडक झालेलं असतानाही बोल्ट जोमाने मागे जातो. अचूकता मध्यम, माझ्या नळीत पावणेदोन इंचांच्या आसपास. लांबच्या अंतरावर वेगही आडवा येतो. साध्या तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट असतो. ही गोळी त्याहून वेगाने निघते, वाटेत हवेच्या विरोधाने मंदावते आणि आवाजाची वेस ओलांडून खाली येताना जराशी डळमळते. पन्नासवर हे फारसं जाणवत नाही, पण शंभर यार्डांवर कागद बघून कळतं.

म्हणून मी सीसीआयच्याच स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर येऊन थांबलो. तीच चाळीस ग्रेन, वेग १०७० फूट, म्हणजे पहिल्यापासूनच आवाजाच्या खाली. आवाज मऊ, ग्रुप सव्वा इंचाच्या आसपास, किंमतही सोसण्यासारखी. नेहमीच्या सरावाला हेच. रायफल अगदी नवी होती तेव्हा याच्यावर बोल्ट कधीकधी आळसायचा. आधी मिनी-मॅगचे काही डबे चालवून सगळं घासून-पुसून मोकळं झाल्यावर ती तक्रार उरली नाही.

चौथं जर्मनीतलं, एसके स्टँडर्ड प्लस. वेग जवळपास तेवढाच, पण गोळीगणिक एकसारखेपणा असा की ग्रुप इंचाच्या आत आला. हातात घेतलं की गोळी मेणाने चिकट लागते, आणि तो चिकटपणा मॅगझीनमध्येही उतरतो. किंमत जास्त आहे, म्हणून हे फक्त कागदावर नेम मोजायच्या दिवशी. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य मिळवलं, ते याच .२२ जातीच्या काडतुसावर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) विश्वविजेती झाली, तीही यावरच. त्यांच्या रायफली एकेक गोळीच्या, बोल्ट हाताने चालवायच्या. त्या निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. माझा सगळ्यात चांगला ग्रुप त्या वर्तुळाशेजारी ठेवून पाहिला तेव्हा या मंडळींच्या साधनेचा नुसता आकडा नव्हे, आकार कळला.

बिघाडांचं सांगतो, कारण नव्या माणसाचा जीव इथेच घाबरा होतो. काहीही अडलं तरी आधी नळी निशाण्याकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझीन काढायचं, मग बघायचं.

चाप ओढला आणि नुसता टक् आवाज आला, तर तीस सेकंद नळी तशीच समोर धरून थांबा. गोळी उशिरा पेटू शकते. नंतर काडतूस बाहेर काढून त्याची कड उजेडात धरा. या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत आतून फिरवून भरलेला असतो. पिनची खूण खोल आणि ठसठशीत असूनही पेटलं नाही, तर त्या जागी मसाला पोचला नव्हता, दोष काडतुसाचा. खूण उथळ असेल तर दोष रायफलीकडचा: बोल्टमध्ये मळ साठला आहे किंवा बोल्ट पुरता बंद झाला नव्हता. या एका खुणेवरून निम्मं निदान होतं.

रिकामी पुंगळी ती बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली, तर तीन संशयित: मंद काडतूस, मळकट चेंबर, किंवा पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली साठलेला काळा लगदा. मेण, शिसं आणि बारुदीची राख मिळून तो इतका घट्ट होतो की मी लाकडी दातकोरण्याने उकरून काढतो. माझ्याकडे बहुतेक वेळा हाच चोर निघाला. नवं काडतूस चेंबरात अर्धवट बसत असेल तर आधी दुसरं मॅगझीन लावून पाहा. मॅगझिनांवर नंबर घालून ठेवा, म्हणजे कोणतं खोडी करतं ते कळतं.

एखादी गोळी अगदीच फुसकी वाजली तर पुढची मुळीच झाडायची नाही. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण तर कायमच. या रायफलीत पुंगळीची कड फाटली तर गरम वायू आणि कण बाजूच्या खिडकीतून तोंडाकडे येऊ शकतात.

ग्रुप एकाएकी विखुरला तर काडतुसाआधी स्क्रू तपासा. दुर्बिणीच्या पट्टीचे, नळी धरून ठेवणाऱ्या व्ही आकाराच्या ठोकळ्याचे दोन, आणि दस्ता-रायफल जोडणारा एकमेव मोठा स्क्रू. हा शेवटचा दर वेळी सारखाच घट्ट हवा.

सफाईत या रायफलीची एक अडचण आहे. मागची बाजू बंद असल्यामुळे गज पुढून घालावा लागतो, आणि तो नळीच्या तोंडाला घासला तर अचूकता कायमची जाते. त्यामुळे मी गज वापरतच नाही, मागून पुढे ओढायची दोरी वापरतो. नळीपेक्षा चेंबर आणि बोल्टच वारंवार पुसतो. मॅगझीन उघडताना गाभ्याची स्प्रिंग सुटते, तेव्हा पुस्तिकेत दिलेले वळसे बघूनच परत जोडा, आणि आत तेल घालू नका. तेलावर धूळ बसते. सफाई आणि सराव झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही. शिसं फक्त गोळीत नसतं, पेटणाऱ्या मसाल्यातही असतं. घरात लहान मुलं असतील तर रेंजचे कपडेही वेगळे धुवा.

सुटे भाग मी मोजकेच बदलले. मूळ ट्रिगर सहा पौंडांच्या आसपास जड आहे. रुगरचाच बीएक्स ट्रिगर अडीच-तीन पौंडांचा, दोन पिना काढून अख्खा संच बदलता येतो. फरक ताबडतोब जाणवला, विशेषतः उभं राहून मारताना. बोल्ट मागे येऊन आपटतो ती पोलादी पिन काढून प्लास्टिकची बसवली, तर खणखणाट गेला. अचूकतेत काही फरक नाही. नळी बदलली नाही. मॅच चेंबरच्या, म्हणजे स्पर्धेसाठीच्या, नळ्या आवळ असतात आणि त्यांत सगळी काडतुसं चालत नाहीत. सीसीआय स्टिंगरसारख्या लांब पुंगळीच्या गोळ्या तर त्यांत घालूच नयेत.

एक उणीव मला खरोखर खटकते. शेवटची गोळी गेल्यावर बोल्ट मागे अडकून राहत नाही. गोळ्या मोजायची सवय लावा, आणि थांबल्यावर बोल्ट मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. प्रोजेक्ट ॲपलसीड या नेमबाजी शिकवणाऱ्या उपक्रमाच्या शिबिरात चेंबरमध्ये रंगीत झेंडी घालायला लावतात, ती सवय मी घरीही पाळतो. पंचवीस यार्डांवर कागदी निशाणं, पट्टा दंडाला गुंडाळून बसून, झोपून, उभं राहून नेम, असं ते दोन दिवसांचं शिबिर आहे. तिथे अर्ध्याहून जास्त लोकांच्या हातात हीच रायफल होती. सुट्या भागांवर घालवायचे पैसे या शिबिरावर घालवा, असं मी कोणालाही सांगेन.

इथल्या मराठी मित्रांसाठी कायद्याचं थोडं. ग्रीन कार्डधारक दुकानातून रायफल घेऊ शकतात. बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासली जाते. एच-१बी सारख्या व्हिसावरच्यांना मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हेही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. टेक्ससमध्ये भरलेली बंदूक मुलांच्या हाती लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे. माझी रायफल कपाटात कुलपाखाली असते, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि रेंजची पिशवी भारतात जाताना सामान भरायला कधीही वापरू नका. ०.२२ चं एक विसरलेलं काडतूस अस्तराच्या खाचेत लपतं आणि मुंबई-दिल्लीच्या क्ष-किरण यंत्रात लख्ख दिसतं, मग शस्त्र अधिनियम १९५९ खाली चौकशी मागे लागते.

आता एसकेचा साठा घेताना मी डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक, बघतो. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही माझ्या नळीत फरक पडला. आधी एक डबा आणायचा, पन्नास यार्डांवर दहा-दहाचे ग्रुप काढायचे, जमलं तर त्याच आठवड्यात त्याच लॉटचे आणखी डबे घ्यायचे. दुकानदार नंबर वाचून दाखवतात, फक्त विचारावं लागतं.