वळवाची वीज टिपताना: उघडे शटर की ट्रिगर?

एप्रिल-मे महिन्यांत सिंहगडावरून राजगड-तोरण्याच्या रेषेवर चमकणारी वळवाची वीज टिपायची असेल, तर शटर दीर्घकाळ उघडे ठेवावे की वीज-ट्रिगर (विजेची चमक ओळखणारे उपकरण) जोडावा, हे बहुतांशी उजेडावर ठरते.

अंधार पडल्यावर पहिली पद्धत निर्विवाद सरस आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/८ च्या आसपास अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) राखून १५ ते ३० सेकंदांची छायाचित्रे एकामागून एक घेत राहिल्यास कधी कधी एकाच चौकटीत दोन-तीन विजा उमटतात. संध्याकाळच्या उजेडात मात्र एवढ्या अवधीत चित्र पांढरेफटक पडते. तेथे ट्रिगर कामाला येतो: पहिला लखलखाट ओळखून तो शटर उघडतो, आणि एका विजेत बहुधा तीन-चार झोत सेकंदाच्या अंशात येत असल्याने पुढचे झोत पकडले जातात. एकाच झोताची वीज निसटते, ती निसटतेच; शिवाय ढगांआडच्या चमकांनाही तो फसतो.

माझी पसंती उघड्या शटरला आहे, कारण कॅमेरा आपोआप छायाचित्रे घेत असताना आपण गाडीत बसू शकतो. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आलेली असते. तेव्हा कड्यावर थांबू नये.