एकच कंपनी, दोन फिटर: लातूरच्या घरातल्या यूपीव्हीसी खिडक्यांचा अनुभव

आमच्या घरात वर आणि खाली यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खिडक्या आहेत. त्यांचा सेक्शन, म्हणजे चौकटीची पट्टी, एकाच कंपनीचा आहे, रंग तोच चॉकलेटी, काचही तीच. वरचा मजला नवीन काढला तेव्हा पुण्याहून आलेल्या टीमनं बसवल्या. खालच्या जुन्या लोखंडी खिडक्या काढून नव्या बसवायचं काम नंतर औसा रोडवरच्या एका फॅब्रिकेटरला दिलं. आता खालच्यांनीही दोन पावसाळे आणि मधला एक कडक उन्हाळा काढलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. पावसात वरच्या मजल्यावर खिडकीखाली फडकं ठेवावं लागतं, खाली लागत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण मालात खोट नाही. फरक सगळा बसवण्यात आहे.

आमची वस्ती काळ्या रानात उठलेली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्यावरची भिंत थोडीफार हलतेच, आणि पहिली चीर बहुतेक वेळा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते. पुण्याच्या माणसानं लेझरनं प्रत्येक खिडकीची एक रुंदी आणि एक उंची घेतली. चहा निवायच्या आत वरचा मजला मोजून मोकळा. आमच्या फॅब्रिकेटरनं आधी घर किती वर्षांचं आहे ते विचारलं, भिंतीतल्या चिरा जुन्या की ताज्या ते नखानं खरवडून बघितलं, मग टेप काढला. रुंदी वर, मध्ये, खाली. उंची डावीकडं, मध्ये, उजवीकडं. शेवटी दोन्ही कर्ण. हॉलच्या खिडकीत दोन कर्णांत बोटभर फरक निघाला. त्यानं सगळ्यात लहान माप धरलं, चौकट भिंतीच्या धारेनं न लावता पाणसळीनं लावली आणि उरलेली तिरकी फट फोम भरून, वरून गिलाव्यानं बुजवली. वरच्या मजल्यावर अशाच फटीत नुसतं सिलिकॉन ओतलंय. पहिल्याच उन्हाळ्यात ते भिंतीपासून सुटलं. आता तिथं नख सहज आत जातं.

उन्हाचं गणित तर कागदावर मांडता येतं. यूपीव्हीसी तापल्यावर ॲल्युमिनियमच्या तिपटीनं वाढतं. सहा फुटांची चौकट, त्यात गडद रंग, पश्चिमेचं ऊन. जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत तिच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे लांबीत साधारण ५ मिलिमीटर. वरच्या खिडक्या जानेवारीत बसवल्या, भिंतीला अगदी घट्ट. बसवल्या तेव्हा किती सुबक दिसत होत्या! एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला पश्चिमेचं स्लायडिंग दोन्ही हातांनी ओढलं तरी हलत नाही, सकाळी मात्र बोटानं सरकतं. खालच्या चौकटींना चारी बाजूंनी जागा सोडलीय. त्या उन्हाळ्यातही अडकल्या नाहीत.

पावसाची दिशा हा दुसरा मुद्दा, आणि इथं स्थानिक माणसाचा खरा उपयोग झाला. नकाशा बघणारा म्हणेल, पाऊस पश्चिमेकडून येतो, तिकडं छज्जा मोठा ठेवा. जूनपुरतं ते ठीक आहे. पण मराठवाड्यात बरीच झोडपाझोडपी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि आमच्याकडं तरी परतीचा पाऊस उगवतीच्या भिंतीवर आदळतो. "सर, उगवतीकडं सिल सपाट ठिवू नका, पाणी घरात येतंय," असं त्यानं आधीच बजावलं होतं. सिल म्हणजे खिडकीचा खालचा काठ. सगळ्या खिडक्यांखाली त्यानं ग्रॅनाइटची पट्टी बाहेर उतार देऊन बसवली आणि तिच्या पुढच्या कडेला खालून खाच मारली, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच टपकतं. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकं त्यानं बाटलीनं पाणी ओतून तपासली. वरच्या मजल्यावर त्याच भोकांवर बाहेरून सिलिकॉन फिरवलंय! वळवाच्या पहिल्या सरीला ट्रॅक भरला आणि पाणी गादीवर.

सगळ्यात जास्त पटलं ते त्याचं नाही म्हणणं. हॉलची खिडकी उंच करायची आमची इच्छा होती. पुण्याच्या सेल्समननं "वरून सहा इंच कापून घेऊ" असं हसतहसत सांगितलं होतं. याच्यापुढं तेच बोललो, तर गडी शिडीवरून खालीच उतरला. "काय बोलायलाव सर? लिंटेलचा पट्टा हाय तिथं. त्याला हात लावायचा नाही." किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती कशा बसल्या, ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आमचं खालचं घर त्यानंतरचं, म्हणून खिडक्या-दारांच्या डोक्यावरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवलेला आहे. तो सलग आहे म्हणूनच चारी भिंती एकमेकींना धरून राहतात. सहा इंच उजेडासाठी तो तोडायचा? त्यानं खालून विटांचे थर काढून खिडकी उतरवली. उजेड तेवढाच आला, आणि आईला खुर्चीत बसल्या बसल्या रस्ता दिसतो हा वरचा फायदा.

धुळीसाठी पश्चिमेला स्लायडिंग नको, बिजागरीची घ्या, असं त्यानं सुचवलं. ते खरं ठरलं. स्लायडिंगला ब्रशच्या पट्टीतून धूळ येतेच. बिजागरीच्या खिडकीत रबर दाबलं जातं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत वरच्या आणि खालच्या खोलीतला फरक बोट फिरवून कळतो. पण पल्ला बाहेर उघडतो म्हणून ग्रिल आतून आली, आणि गजांतून हात घालून खिडकी लावावी लागते, याबद्दल बायको रोज दोघांनाही ऐकवते, मला आणि फॅब्रिकेटरला. बाहेरून काच पुसणंही कठीण झालंय. कंपनीच्या पुस्तिकेत ट्रॅक दर आठवड्याला पाण्यानं धुवायला सांगितलंय. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेल्या शहराला हा सल्ला! शिवाय बोअरच्या पाण्यानं काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात ते वेगळंच. आम्ही कोरड्या ब्रशनं झाडतो.

आता स्थानिकाच्या नावानं बोटं मोडायची, तर तेही भरपूर आहे. पाडव्याला देतो म्हणाला, अक्षय तृतीया उलटल्यावर उगवला. पक्कं बिल मागून मागून घ्यावं लागलं. फिटिंगची हमी लेखी नाही, "फोन करा, येतो" एवढीच. फोन केल्यावर येतो, हेही खरं. कंपनीची हमी मात्र छापील आणि रंगीत, पण तक्रार केली की लातूरकडच्या आणखी तक्रारी जमल्यावर माणूस पाठवू असं उत्तर येतं. आणि दुकान हाकेच्या अंतरावर आहे म्हणजे काम येतं असंही नाही. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानदारानं माप घ्यायलाही न येता फोनवर भाव सांगितला होता. कर्ण मोजतो का, गिलावा झाल्यावर परत माप घेतो का, उन्हाळ्यासाठी फट किती ठेवतो, एवढं विचारलं तरी माणूस कळतो. मार्चमधल्या गारांसाठी काच कोणती, हेही विचारा. २०१४ ची गारपीट पाहिलेला माणूस टफन्डचं, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेचं, नाव स्वतःहून काढतो.

वरच्या पश्चिमेच्या खिडक्या आता याच्याकडूनच उतरवून पुन्हा बसवून घेणार आहे. सेक्शन-काच तीच राहील, मजुरी आणि फोमचा खर्च तेवढा. दुसऱ्याचा हात लागला की कंपनीची फिटिंगची हमी रद्द होते असं पुस्तिकेत लिहिलंय, पण ती मुळात एकाच वर्षाची होती आणि संपलीय. तारीख अजून ठरलेली नाही. त्याची पोरं सोयाबीन काढायला गावाकडं जाणार आहेत, म्हणजे दिवाळीच्या आधी काही होत नाही.